बोंड, उंबर, जोंधळा : खान्देशातले श्रावणातले दिवस

खान्देश आणि त्याच्या दक्षिणेचा अजिंठ्याचा डोंगर एका नकाशावर पाहिला, की मराठी कवितेची तीन गावं अगदी शेजारी शेजारी दिसतात. धरणगाव बालकवींचं, आसोदे बहिणाबाईंचं आणि डोंगराच्या पायथ्याचं पळसखेडे ना. धों. महानोरांचं. जळगावात मुक्काम ठेवला तर तिन्ही गावांना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिघांच्याही कवितेत झाडं, पिकं, फुलं ओसंडून वाहतात, पण एकाचं झाड दुसऱ्याच्या झाडासारखं नाही. असं का, हे त्या त्या मातीत जाऊन पाहावं असं फार दिवस मनात होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण यायला तयार झाली. श्रावण तिनंच निवडला. या दिवसांत कपाशीला फुलं असतात, डोंगर हिरवा असतो आणि दारोदारी पत्री असते, हे तिचं म्हणणं.

गुरुवार, जळगाव

पहाटे गाडीतून उतरलो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीशेजारी केळीचे घड उतरवणं चाललं होतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. इथली केळी फार तर माझ्या नाश्त्याच्या कामाची, पण मैत्रीण घडाच्या टोकाला लोंबणारं कमळ, म्हणजे केळफूल, हातात घेऊन उभी राहिली आणि हमाल दादांना विचारत बसली, हे तुम्ही कधी कापता म्हणून. सगळा प्रवास असाच होणार हे मला तिथेच कळलं.

दुपारी जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात गेलो. बहिणाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आलं. पुढचं सगळं आयुष्य शेत, घर आणि मुलं. लिहितावाचता येत नव्हतं. घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळताना, शेतात निंदताना जे ओठावर आलं ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली माणसं जमेल तसं उतरवून घेत गेली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वाड्यात त्यांच्या काळातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. मी घरोटाजवळ बराच वेळ थांबले. दगडाच्या तोंडाची झीज बघितली की दळण किती वर्षं चाललं असेल याचा अंदाज येतो.

याच जळगावात १९०७ साली कवींचं पहिलं संमेलन भरलं होतं. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या मुलानं तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. मराठी कवितेच्या इतिहासात हा प्रसंग सगळीकडे सापडतो. सापडत नाही ते हे, की त्या दिवशी बहिणाबाई याच गावात होत्या. वय सत्तावीसच्या आसपास. सोपानदेवांचा जन्म त्याच वर्षाचा. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ही बाई कुठल्या तरी वावरात किंवा चुलीपाशी असणार, आणि तिच्या ओठांवर काय होतं ते ऐकायला कोणी नव्हतं. वाड्याच्या ओट्यावर बसून हे आठवलं आणि मला खरोखर भरून आलं. दोन्ही कवी एकाच आभाळाखाली, एकाच श्रावणात भिजत होते, आणि एकमेकांना ठाऊक नव्हते.

रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी भाकरी मागून घेतली.

शुक्रवार, आसोदे आणि भादली

आसोदे जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. रिक्षानं पोचायला वेळ लागत नाही. बहिणाबाईंचा जन्म इथला, १८८० सालच्या नागपंचमीचा, महाजनांच्या घरातला. श्रावणातला शुक्रवार असल्यानं घराघरांत जिवतीचा कागद लावलेला होता आणि त्यावर आघाड्याच्या पानांची न् दूर्वांची माळ. आघाडा म्हणजे उकिरड्यावर, बांधावर आपोआप उगवणारं रोप. एरवी त्याचे काटेरी दाणे साडीला चिकटले की बायका वैतागतात. वर्षातून काही दिवस त्याच रोपाला देव्हाऱ्यात जागा मिळते. मैत्रिणीचं म्हणणं, श्रावणातली पत्री हा आपल्या बायकांचा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रमच होता, कारण पूजेसाठी नेमकं रोप ओळखून खुडावं लागे आणि चुकलं तर सासू सांगायला बसलेलीच.

एका घराच्या ओसरीत आजी वाती वळत बसल्या होत्या. आम्ही इकडेतिकडे पाहतोय हे बघून त्यांनीच हाक मारली.

“काय शोधू राह्यल्या माय?”

बहिणाबाईंचं गाव बघायला आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “आमचं समदं गावच तिचं,” म्हणाल्या, आणि आम्हाला बसायला सतरंजी टाकली. चहा झाला. मी निंबोणीच्या ओळी म्हटल्या,

‘कडू बोलता बोलता पुढे कशी नरमली,
कडू निंबोयी शेवटी पिकीसनी गोड झाली’

तर त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, “पिकेल निंबोयी खाल्ली का तुम्ही कधी?”

नव्हती खाल्ली. शाळेत मी ही कविता पाठ केली, परीक्षेत तिचा भावार्थ लिहिला, पण निंबोळी जिभेवर ठेवायचं कधी सुचलं नाही. आजींनी नातवाला मागच्या निंबाखाली पिटाळलं. हंगाम सरत आलेला, तरी ओल्या मातीतून त्यानं चार-पाच पिवळ्या निंबोळ्या वेचून आणल्या. धुऊन एक तोंडात टाकली. साल कडवट, पण आतला बुळबुळीत गर गोड. अगदी साखरेसारखा नाही, मागे एक उग्र वास ठेवणारा. बी चावली तर पुन्हा कडू, हे आजींनी वेळेवर सांगितलं. ‘नरमली’ म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. निंबोळी पिकताना आधी मऊ पडते, मग गोड होते, आणि कवितेतही क्रम तोच आहे. अशी ओळ लिहायला निंबोळी चाखलेली असावी लागते, तीही एकदा नाही, दर आषाढात.

आसोद्यात दिवसभर हेच घडत गेलं. बहिणाबाईंची प्रत्येक प्रतिमा वावरात जाऊन पडताळता येते. ओसरीच्या कडेला एका जुन्या डब्यात आजींनी गिलक्याचं बी टोचलं होतं. तीन-चार दिवसांचे कोंब. एका कोंबाच्या डोक्यावर बियांचं काळं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं, दुसऱ्याचं गळून पडलेलं आणि दोन जाड, गुळगुळीत पानं उघडायच्या बेतात, एकमेकांना टेकलेली. मैत्रीण डब्याशी उकिडवी बसली आणि पेरणीच्या कवितेतल्या ओळी म्हणायला लागली :

‘ऊन वाऱ्याशी खेळता एका एका कोंबातून,
पर्गटले दोन पानं जसे हात जोडीसन’

मग ती म्हणाली, “यातले ‘दोन पानं’ बघ. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या कोंबातून एकच पान निघतं, सुईसारखं. दोन पानं कपाशीची, तुरीची, मुगाची. या बाईनं नेमकं द्विदल पीक बघून लिहिलंय.” आणि पुढच्याच कडव्यात ती पानं मोठी होऊन वाऱ्यावर टाळ्या वाजवतात, देवाच्या भजनात दंग होतात. आधी नमस्कार, मग टाळ्या. रोपाची वाढ जशी होते तशीच भक्ती वाढते. मी ही कविता आजवर भक्तीची म्हणून वाचत आले. गिलक्याच्या डब्यासमोर ती आधी पेरणीची झाली आणि भक्ती त्यातूनच उगवली.

आजींचा मुलगा आम्हाला वावरात घेऊन गेला. कपाशी कमरेला लागत होती. अमेरिकन वाणाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग सुकून गळतं. एकाच झाडावर दोन्ही रंगांची फुलं त्यामुळेच दिसतात. खाली हिरव्या कैऱ्या, म्हणजे कपाशीची कच्ची फळं, धरायला लागल्या होत्या. मधूनमधून गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे. दादांनी एक कैरी चिरून दाखवली. आत ओला पांढरा कापूस, कप्प्याकप्प्यांनी घट्ट बसवलेला. ती पक्व होऊन दसऱ्याच्या सुमारास उलते, म्हणजे फुटून उघडते, तेव्हाच तिला बोंड म्हणायचं. ‘बिना कपाशीनं उले त्याले बोंड म्हनू नही’ ही ओळ मी त्यांना ऐकवली, तर म्हणाले, “खरंच आहे ना ताई. अळी लागली की बोंड उलतं, आत काहीच नसतं. पोकळ.”

त्यांच्या तोंडून ही कवितेची टीका ऐकली आणि वाटलं, एवढं नेमकं मी कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं. पुढच्या ओळीत बहिणाबाई म्हणतात, हरिनामाविना बोले त्याला तोंड म्हणू नये. रिकामं उललेलं बोंड आणि रिकामं बोलणारं तोंड. अळीनं पोखरलेलं पीक ज्यानं पाहिलंय त्याला ही तुलना झोंबते. बहिणाबाईंना आपण जात्यावरचं शहाणपण सांगणारी बाई करून ठेवलंय, याचं मला वाईट वाटतं. मराठीत झाडाकडे त्यांच्याइतक्या जवळून पाहिलेला कवी मला दुसरा माहीत नाही. बोरीबाभळीच्या अंगावर काटे का, तर लोकांचे खोटेनाटे व्यवहार पाहून शहारा आला म्हणून. वडाला लाल फळं लगडली तर, ‘हिरवे हिरवे पानं लाल फय जशी चोच, आलं वडाच्या झाडाले जसं पीक पोपटाचं’. झाडाला पोपटाचं पीक येणं ही कल्पना शेतकरणीलाच सुचेल. तिच्या लेखी झाडाला काय यायचं, तर पीक यायचं.

निघताना आजींनी बजावलं, भरीत खायला हिवाळ्यात या. आसोद्याची भरताची वांगी नावाजलेली, हिरवट पांढरी, लांबट मोठी. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. श्रावणात ती चव नाही, असं त्यांचं ठाम मत.

संध्याकाळी भादलीला गेलो. आसोद्यापासून जवळच. जळगाव आणि भुसावळ यांच्यामधलं हे छोटं स्टेशन. ५ मे १९१८ रोजी बालकवी इथे रुळांवर गाडीखाली सापडले. वय सत्तावीस. बहिणाबाईंच्या माहेरच्या वाटेवर म्हणावं इतक्या जवळ. रुळांच्या कडेनं तरवड पिवळाधमक फुलला होता, एरंड माजला होता. एकामागून एक मालगाड्या जात होत्या. आम्ही फारसं बोललो नाही. मी फक्त मनातल्या मनात हिशेब करत होते, की पुढची चाळीस वर्षं हा माणूस लिहीत राहिला असता तर मराठी कवितेत आणखी काय काय उगवलं असतं.

शनिवार, धरणगाव

धरणगाव जळगावच्या पश्चिमेला, तीसेक किलोमीटरवर. एस.टी.नं गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मका, मधूनच केळीची हिरवी भिंत. क्षणात सर आली, काचा बंद केल्या, पुढच्या फाट्यापर्यंत ऊन पडलं. बसमधल्या प्रत्येक मराठी माणसाला त्या वेळी कोणती ओळ आठवली असेल ते सांगायला नको.

‘श्रावणमासी’ ही कविता आपल्या इतकी ओळखीची आहे, की तिच्यातल्या वनस्पती आपण वाचतच नाही. सोनचाफा, केवडा, पारिजात ही तिन्ही याच दिवसांत फुलणारी. कवीनं छंदाला जमेल ते फूल आणून बसवलेलं नाही. परडी घेऊन फुलं आणि पत्री खुडणाऱ्या मुलीही आहेत, म्हणजे काल आसोद्यात पाहिलेला आघाडा या कवितेच्या कडेला कुठेतरी उभा असणारच. आज शनिवार, म्हणून गावातल्या मारुतीला रुईच्या पानांच्या माळा होत्या. देवळाच्या पायरीवर एक मावशी त्या ओवत होत्या, एकेक पान पुसून. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड बाजूला करून देठ मोडायच्या. पारिजात विचारला, तर देवळामागे होता. खाली केशरी देठांचा सडा, अर्धा चिखलात.

बालकवींचा जन्म इथला, १३ ऑगस्ट १८९०. पण हे त्यांचं राहतं गाव फार काळ नव्हतं. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे खान्देशात बदल्या होत राहिल्या. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्यासारखे राहिले, लक्ष्मीबाईंच्या मायेत. म्हणजे आयुष्यभर हा मुलगा कुठल्याच एका वावराचा झाला नाही. मला वाटतं, त्यांच्या झाडांचं वेगळेपण इथून सुरू होतं. बहिणाबाईंच्या कवितेतलं प्रत्येक झाड कोणाचं तरी आहे, त्याच्याकडे काहीतरी काम आहे. बालकवींचं झाड कोणाचंच नाही. ‘फुलराणी’तली ती कळी कुठल्या बागेतली? कुठल्याच नाही. गवताच्या कुरणात आपोआप उगवलेली, जिला नावही नाही आणि जिचं लग्न सूर्यकिरणाशी लागतं. बदलीच्या गावात बैलगाडीतून शिरणारं मूल गाव आधी लांबून बघतं, मग जवळून. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे’ ही तशीच लांबून पाहिलेली ओळ आहे. गावात राहणारा माणूस आपल्या गावाला असं बघत नाही.

गावाबाहेर एका नाल्याच्या काठी उंबर दिसला आणि आम्ही बसफाट्याला जायचं सोडून तिकडे वळलो. ‘औदुंबर’ इथलाच, असं मी म्हणत नाही. ती कविता कुठल्या ओढ्यावर सुचली याला महत्त्वही नाही. पण एखादा उंबर पाण्याजवळ बसून बघायचाच होता.

आठ ओळींची कविता. पहिल्या ओळींत हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी. मग पांढरी पायवाट, अडवीतिडवी, हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे जाणारी. एकामागून एक रंग येतात आणि शेवटी सगळे काळ्यात बुडतात. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ समीक्षकांनी या झाडात वैराग्य पाहिलं, मृत्यू पाहिला, कवीची उदासी पाहिली. सगळं असेलही. मला मात्र नाल्याकाठी बसल्यावर एक साधी गोष्ट लख्ख दिसली. हे झाड खरोखर असंच बसतं. उंबराची ओढ पाण्याकडे असते. त्याची मुळं काठाची माती धरून खाली उतरतात आणि पूर आला की धुपून उघडी पडतात. आमच्या समोरच्या झाडाची दोन जाड मुळं काठावरून वाकून थेट गढूळ पाण्यात गेली होती, गुडघ्यातून दुमडलेल्या पायांसारखी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत, त्या झाडांत उंबर आहे. आजही विहीर धरताना शेतकरी उंबर कुठे आहे ते बघतात.

मैत्रिणीनं एक उंबर फोडून दिलं. आतली इवली फुलं भिंगातून पाहिली. उंबराला फूल येत नाही असं आपण म्हणतो, ते असतं, पण फळाच्या आत झाकलेलं, आणि चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. बाहेरून काहीच कळू न देणारं हे झाड. बालकवींनी सोनचाफा, केवडा, पारिजात सगळे फुलवले, पण आपल्या सर्वांत गंभीर कवितेसाठी निवडलं ते फूल न दाखवणारं झाड. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मला म्हणायचं नाही. पण डोळ्यांना सवय असली की हात आपोआप योग्य झाडाकडे जातो.

पाऊस आला. फाट्यावर पोचेपर्यंत चिंब झालो होतो.

रविवार, पळसखेडे आणि अजिंठा

गाडी ठरवली, कारण आज डोंगराकडे जायचं होतं. पहूर, वाकोद मागे टाकलं आणि आत वळलो. सोयगाव तालुक्यातलं पळसखेडे. समोर अजिंठ्याची रांग, ढगांनी अर्धी झाकलेली.

महानोर १६ सप्टेंबर १९४२ रोजी या गावात जन्मले. शिकायला जळगावच्या कॉलेजात गेले आणि वर्षभरात शेतीसाठी गावी परतले. त्यांचा पहिला संग्रह ‘रानातल्या कविता’ १९६७ सालचा. पुढे विधान परिषदेत राज्यपालनियुक्त सदस्य झाले, १९९१ साली पद्मश्री, २००० साली ‘पानझड’ला साहित्य अकादमी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. एवढं सगळं होऊनही त्यांनी पत्ता बदलला नाही. विधान परिषदेत बोलायला उभे राहिले तेव्हाही विषय पाणी, फळबागा, शेतकरी हेच राहिले.

मला त्यांच्या कवितेतली एक ओळ सगळ्यांत जास्त आवडते, ‘जोंधळ्याला चांदणे लगडून जावे’. कणसात दाणे भरलेत आणि वर टिपूर चांदणं आहे, अशा रात्री राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाची ती ओळ आहे. पांढरा दाणा चांदण्यात चमकतो, तेव्हा दाणा कुठला आणि चांदणं कुठलं हे कळत नाही. यात बालकवींची नजर आहे, पण पाय बहिणाबाईंच्या वावरात रोवलेले. पीक हातात यावं अशी शेतकऱ्याची इच्छा आणि सौंदर्य बघून हरखणं या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात राहतात, भांडत नाहीत. महानोरांआधी हे मराठीत इतक्या सहज झालं नव्हतं असं माझं मत आहे.

पण जोंधळा कुठे आहे? गावाच्या शिवारात आम्ही बराच वेळ चाललो. मका, कपाशी, मका, थोडी तूर, सोयाबीन, परत मका. एका तरुण शेतकऱ्याला विचारलं. बांधावर उभा राहून तो फवारणीचा पंप भरत होता.

“ज्वारी आता कोण लावतं ताई? पाखरं खातात, राखायला माणूस नाही. मका व्यापारी बांधावरून उचलतो. घरच्यापुरती रब्बीत करतो थोडी.” मग जरा थांबून म्हणाला, “महानोरदादांची कविता आम्हाला शाळेत होती. बाईंनी जोंधळा दाखवायला शेतात आणलं होतं, तेव्हा आमच्याच बापाच्या वावरात होता.”

त्याला दोष देण्यासारखं काहीच नाही. तरी मला काळजी वाटली. गोफण, माळा, राखण, हुरडा हे सगळं एका पिकाच्या आसऱ्यानं राहत होतं. आता शाळेतल्या मुलांना ती ओळ चित्रात दाखवावी लागेल. कवितेला झाडाकडून जे मिळतं ते एकदाच मिळून संपत नाही. वाचणाऱ्यालाही ते झाड दिसावं लागतं. आजींनी माझ्या हातात निंबोळी ठेवली म्हणून ती ओळ मला नव्यानं मिळाली. जोंधळ्याचं कणीस उद्या कोण कोणाच्या हातात ठेवणार?

डोंगराच्या उतारावर सीताफळीचं रान आहे. फळं अजून हिरवी, घट्ट, डोळे न उघडलेली. महानोरांनी सीताफळाच्या बागांसाठी आणि डोंगरावरून वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. कवितेत सांगितलेलं रान प्रत्यक्षातही राखायला धडपडणारा कवी म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

दुपारी फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसनं लेण्यांत गेलो. वाघोरा दुथडी भरून वाहत होती. लेण्यांविषयी इतरांनी भरपूर लिहिलंय, मी एवढंच सांगते की पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरची गर्दी विरळ झाली की मान वर करून छत बघा. चौकोनाचौकोनात कमळं, वेली, फळं रंगवली आहेत. गाईडची बॅटरी तिकडे फारशी वळत नाही. पद्मपाणीच्या बोटांत धरलेलं निळं कमळही नीट पाहा. देठ धरायची ती हलकी पकड फूल तोडणाऱ्याची नाही. महानोरांनी याच परिसरावर, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, तेव्हा हे छत त्यांनी किती वेळा पाहिलं असेल याचा विचार करत मी पायऱ्या उतरले.

सोमवार, परतीची गाडी

सकाळी स्टेशनवर गाडी उशिरा होती. मैत्रिणीनं वही काढून तिघांच्या कवितेतल्या वनस्पतींची यादी करायला घेतली. एका बाजूला कवितेतलं नाव, पुढे आजचं शास्त्रीय नाव, त्यापुढे ती कधी फुलते आणि आम्हाला कुठे दिसली. बहिणाबाईंचं पान आधी भरलं. महानोरांच्या पानावर ‘जोंधळा’समोरची ‘कुठे दिसला’ ही जागा तिनं रिकामी ठेवली. रब्बीत येऊन भरायची.

कोणाला हा प्रवास करायचा असेल, तर श्रावणात हिरवळ आणि पत्री मिळते, पण सगळं एका फेरीत जमत नाही. निंबोळ्या चाखायच्या तर आषाढात या. बोंड उललेलं बघायचं तर दसरा-दिवाळीच्या दरम्यान. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलात तर निंबाला बांधलेले झोके दिसतील, बहिणाबाईंच्या ‘आखजी’तला झोकाही निंबालाच आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवा. पुस्तकं बरोबर ठेवा आणि वावरात कोणी भेटलं तर ओळ मोठ्यानं म्हणून दाखवा. आसोद्यात तर ती पुढची ओळ तुम्हालाच ऐकवतात.

आम्ही मार्गशीर्षात परत येतोय. रब्बीचा जोंधळा तेव्हा पोटऱ्यात असेल, आणि आजींना भरताची वांगी ठेवायला सांगून ठेवलंय.